चाकांचा पाट

११ सप्टेंबर, गुरुवार. रोहा

हाइट टेस्टमध्ये नापास झाले.

झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे नंतर मीच त्याला वेगळा आकार द्यायला नको. आमच्या कंपनीत उंचीवर चढायचं तर हाइट पास लागतो. तो मिळवण्यासाठी कमरेच्या उंचीवर बसवलेल्या अरुंद लोखंडी पट्टीवरून या टोकाहून त्या टोकाला चालत जायचं. अंगावर सेफ्टी बेल्ट असतो. नोकरीला लागल्यापासून दरवर्षी मी हे करते आहे. आज मध्यावर पोचले, पट्टी किंचित हलली आणि पाय पुढे जाईनात. डॉक्टर खालून म्हणाले, "गुडघे ताठ करू नका." मी ते ताठ केले नव्हते. ते झाले होते. शेवटी पट्टीवर बसून सरकत उतरले. मागे कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगारांची रांग होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

साहेबांनी दुपारी बोलावलं. पुन्हा टेस्ट नोव्हेंबरअखेर, डिसेंबरच्या शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या, आधी. तेव्हाही जमलं नाही तर प्लांटमधलं काम बंद आणि जानेवारीपासून बेलापूरच्या ऑफिसात ड्रॉइंग तपासायची. "तिथं एसी आहे," असंही म्हणाले. मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. माझी उपकरणं इथे धाटावच्या प्लांटमध्ये, टाक्यांच्या माथ्यावर आहेत. बेलापूरला नाहीत.

जुलैमध्ये मी एका टाकीला लावलेल्या शिडीवरून पडले, त्याचा याच्याशी संबंध जोडला जातो आहे. मला तो पटत नाही. घोटा केव्हाच बरा झाला. त्या दिवशी नितेश, माझ्या हाताखालचा टेक्निशियन, शिडी धरायला उभा होता. मीच त्याला रीडिंग बघायला पाठवलं. शिडीला दुसऱ्याचा हात लागला की ती हलते, आणि मला हललेली चालत नाही. नंतर शिडी घसरली, तो वेगळा मुद्दा आहे.

पट्टीमध्ये दोष आहे, ती मध्यावर हलते, असं सेफ्टी विभागाला लेखी कळवलं.

१४ सप्टेंबर, रविवार. पेण

पट्टीवर सराव करायची परवानगी मागितली होती. उत्तर आलं की पास नसलेल्या व्यक्तीला पट्टीवर चढता येणार नाही. पास मिळवायला पट्टी आणि पट्टीवर चढायला पास. हा नियम ज्याने लिहिला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

पर्याय मी ठरवला आहे. स्केटबोर्ड. विचार सरळ आहे: पट्टी स्थिर असते, निदान असायला हवी. चालत्या फळीवर तोल सांभाळता आला तर स्थिर पट्टी त्यापुढे काहीच नाही. डिझाइन करताना आम्ही गरजेपेक्षा जास्त भार धरतो, तसंच.

जागा म्हणजे प्रविणमामाचा गणपतीचा कारखाना. विसर्जन होऊन गेलंय, शेड रिकामी आहे, खाली गुळगुळीत कोबा आहे आणि रस्त्यावरून कोणाला दिसत नाही. रोह्यात हे करणं शक्य नाही, सोमवारी सगळ्या धाटावला कळेल. पार्सलचा पत्ता मामाचाच दिला.

मामाने कारण विचारलं नाही. "रिकामीच हाय शेड. नाच तिथं," म्हणाला. आईला काही सांगितलेलं नाही. टेस्टचंही नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. पेण

बोर्ड बुधवारी आला होता. आज शेडमध्ये शिरले तर त्यावर एक न खपलेली मूर्ती बसलेली, आणि सरूमामी ती ढकलत कोपऱ्याकडे चाललेली.

"भाविका, किती वर्षं तुझ्या मामाला सांगतेय, मूर्ती हलवायला एक गाडी कर. त्याला नाय सुचलं. तू धाडलीस बघ."

"मामी, ती गाडी नाही. त्यावर उभं राहायचं असतं."

"उभं राहायला चाकं कशाला गो?"

मामाने बोर्ड पायाने उलटा करून पाहिला. "पाट हाय चाकांचा. यावर गणपतीच शोभतो."

मूर्ती उतरवायला लावली. मामीने उतरवली, पण सांगूनही टाकलं, "तू रोह्याला गेलीस की गाडी माझी."

सराव. डावा पाय फळीवर, उजव्याने ढकलायचं, मग उजवाही वर घ्यायचा. शिकवणाऱ्या व्हिडिओतली मुलगी हे बोलता बोलता करते. माझा उजवा पाय वर येण्याआधी फळी निघून गेली आणि मी कोपरावर पडले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुढे न पडता मागे पडले, एवढाच फरक.

नुसतं उभं राहिलं तरी फळी डावी-उजवीकडे डुगडुगते. कारण सापडलं. चाकांची जोडी ज्या लोखंडी भागावर बसते त्याला ट्रक म्हणतात. ट्रकच्या मधल्या बोल्टवर रबरी बुश असतात आणि त्यांच्यावर नट. हा नट अर्धवटच आवळलेला आहे, दोन्हीकडे. असा ढिला माल तपासून बाहेर येतो कसा? आमच्याकडे असा नट सापडला तर मी रिपोर्ट करते.

२५ सप्टेंबर, गुरुवार. रोहा

नट इंची मापाचा आहे. माझे पाने बसत नाहीत. नितेशला विचारलं.

"नऊ-सोळाचा पाना आहे का?"

"इंची? आपल्याकडं इंची काय हाय मॅडम?"

"माझं वैयक्तिक काम आहे."

गेला आणि जुन्या कॉम्प्रेसरच्या पेटीतून शोधून आणला. पुसूनही आणला. "सायकल घेतलीत?"

"नाही."

"मग?"

सांगितलं नाही. संध्याकाळी बससाठी उभी होते तर बाइक थांबवून म्हणाला, "कोपराला औषध लावा मॅडम. या हवेत चिघळतंय." तो खांब गावात राहतो. त्याचा रस्ता या थांब्यावरून जात नाही. शिवाय मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. त्याला कसं कळलं ते समजलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. पेण

दोन्ही नट आवळले. डुगडुगणं बंद. फळीवर जमिनीवर उभं राहावं तसं उभं राहता येतं. प्रश्न मालाचाच होता.

ढकलून दोन्ही पाय वर घेतले आणि भिंतीच्या अलीकडेपर्यंत गेले. मग पडले. कारण अजून निश्चित नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. पेण

पडले. पडले. भिंतीला हात लावून वाचले. पडले.

नट आणखी पाव आटा आवळला.

१२ ऑक्टोबर, रविवार. पेण

आज मामीची तक्रार.

"काय केलंस गो गाडीला? आधी कशी वळायची, एका बाजूला जरा दाब दिला की. आता नाकासमोर जाते. खांब आला की उचलून फिरवायला लागते. गणपतीसकट!"

"मामी, ती तुझ्यासाठी नाही."

"बरं. तुझ्यासाठी तरी वळते का?"

"वळणं पुढचं आहे. आधी सरळ जाणं."

"असं व्हय," म्हणाली आणि मामाकडे बघून हसली. तिथे हसण्यासारखं काय होतं ते मला दिसलं नाही.

सरळ जाणं काही प्रमाणात जमतं आहे. पण शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचले की खाली उतरायचं, बोर्ड उचलून फिरवायचा, पुन्हा सुरुवात. अर्धा वेळ त्यातच जातो. आणि फळी कोब्याच्या जोडावर आली की जो धक्का बसतो तो सरळ डोक्यापर्यंत येतो. गुडघे सुजलेत. मला शिकायला कधीच असा त्रास झालेला नाही. डिप्लोमाला, डिग्रीला, कंपनीत, सगळीकडे आधी नीट वाचायचं, मग क्रमाने करायचं आणि ते यायचं. हे वाचूनही येत नाही आणि क्रमानेही येत नाही. चिडून बोर्डाला लाथ मारली. तो सरळ गेला.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पेण

दिवाळीत घरी. आईने विचारलं, "लंगडतेस का गं?" बूट नवीन आहेत म्हटलं. आईने बुटांकडे पाहिलं.

२६ ऑक्टोबर, रविवार. पेण

माघी गणपतींची ऑर्डर आली आहे. अर्धी शेड कच्च्या मूर्तींनी भरली. साच्यातून काढायच्या, वाळत ठेवायच्या, घासायच्या, मग रंग आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. ते मामी करते. मला आता भिंतीलगतचा एक पट्टा उरला आहे. "सांभाळून गो," मामा म्हणाला. मी सरळ रेषेतच जाते, धोका नाही, असं सांगितलं.

नट आणखी आवळले. आता फिरत नाहीत. शेवट आला असावा.

४ नोव्हेंबर, मंगळवार. रोहा

नितेशने आज सरळ विचारलं. "मॅडम, टेस्टची तयारी करताय ना? कुठं करता?"

"करते आहे."

"पट्टी मिळत नाय तर आमच्या खाचराचा बांध हाय. अरुंद हाय, दोन्ही बाजूंनी चिखल. पडलात तर फक्त कपडे जातील. मी बाजूने चालतो, हात धरायला."

"हात धरायची गरज नाही."

"नाय धरला तर नाय धरला. बाजूला तर असतो."

नकार दिला, सभ्यपणे. "बरं," म्हणाला आणि मीटर उचलून गेला. दिवसभर कामापुरतंच बोलला. खरं तर मला तसंच बोलणं आवडतं. आज मात्र कंटाळवाणं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार. पेण

मूर्ती फोडली.

भिंतीलगत जात होते. वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त. कोणीतरी घासायची एक मूर्ती रांगेबाहेर काढून ठेवली होती, ती मला वेळेत दिसली. बाजूने जायला जागाही होती. मी तिकडे झुकले. पूर्ण अंगाने झुकले. फळी वळली नाही. मी उडी मारली, बोर्ड तसाच पुढे गेला आणि मूर्तीच्या पायथ्याला बसला. ती आडवी झाली. सोंड आणि एक हात वेगळा, आतला काथ्या बाहेर.

मी म्हटलं, "मामा, माफ कर."

मामाने खाली बसून तुकडे पाहिले. "माफ कसलं? देव नाय झाला अजून. आखणी कुठं झालीय? काथ्या नि भुकटी हाय ही." मग माझ्याकडे बघून, "तुला लागलं का? उभी का राहिलीस अशी, कोणी पिस्तूल रोखल्यासारखी? बस."

मला बसता आलं नाही. गुडघे पुन्हा तसेच झाले होते. मामीने खांद्याला धरून बसवलं. तिचे हात प्लास्टरने पांढरे, माझ्या शर्टावर पंजा उमटला.

"मी सांगत होते," ती म्हणाली. "वळत नाय म्हणून."

रोह्याला परतताना ट्रेनमध्ये बसून लिहिते आहे. ती निडी स्टेशनला क्रॉसिंगसाठी थांबली आहे. बोर्ड शेडमध्येच ठेवला. बेलापूरला निदान एसी आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. पेण

जायचं नव्हतं. पण बोर्ड तिथे, पानाही तिथे, आणि पाना कंपनीचा आहे.

मोडलेली मूर्ती मामाने नव्याने साच्यातून काढली होती, वाळतही आली होती. मी बोर्ड घेऊन दारात बसले आणि दोन्ही नट सोडवले. निघता निघेनात, पान्याला पाइप लावून जोर करावा लागला.

मागच्या ट्रकमधला बुश फाटला होता. पुढचा चपटा झाला होता, कडा बाहेर आलेल्या.

चपटा बुश तळहातावर घेतला. नवीन ट्रेनींना मी पहिल्याच दिवशी सांगते: पाइपांच्या जोडातलं रबरी गॅस्केट आवळायचं, चिरडायचं नाही. चिरडलं की ते काम करायचं थांबतं. असा चपटा तुकडा मला प्लांटमध्ये कोणी आणून दिला असता तर मी त्याचं नाव विचारलं असतं.

नट अर्धवट आवळलेला नव्हताच. हवा तेवढा होता. फळी झुकली की हा रबर दबतो, तो दबला की चाकं वळतात. मी ज्याला दोष म्हणत होते ती वळण्याची सोय होती. मी ती आठवड्या-आठवड्याने बंद करत आणली. मामीला हे पहिल्या फेरीत कळलं होतं, आणि तिने सांगितलंही होतं.

नवीन बुश मागवले तर टेस्टच्या नंतर येतील. शेडच्या मागे जुने रबरी साचे टाकलेले असतात. मामीला विचारलं, एखादा कापू का?

"कुठला पाहिजे? सोंडेचा का पोटाचा?"

"जाड कुठला?"

"पोटाचाच की. गणपतीच्या पोटाला नाय जाड तर कशाला?"

चकत्या पाडून, मध्ये भोक पाडून, एकावर एक बसवल्या. गॅस्केट कापण्यात माझी चूक होत नाही. नट टेकेपर्यंत फिरवला आणि थांबले. हाताला आणखी फिरवायची ओढ होती. पाना मामीकडे दिला.

"आता डुगडुगंल," मामी म्हणाली.

"हो."

"चालंल तुला?"

"माहीत नाही."

उभी राहिले. सप्टेंबरपेक्षाही वाईट. पडले.

२३ नोव्हेंबर, रविवार. पेण

इतकी पडले की मामाने शेवटी मूर्तींसमोर रिकामी पोती रचली. "देवांची काळजी नाय, तुझी हाय," म्हणाला, पण पोती देवांच्याच बाजूला होती.

गुडघे ताठ ठेवले की पडायला होतं. सैल ठेवले की फळी डुगडुगते, पण मीही तिच्याबरोबर डुगडुगते आणि वर राहते. हे वाचलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलंही होतं.

दुपारी एकदा खांबाकडे जाताना डाव्या टाचेवर थोडा भार टाकला आणि बोर्ड खांबाला वळसा घालून गेला. पूर्ण नाही. अर्ध्यात पाय टेकला. सुंदर तर मुळीच नव्हतं. पण मी उतरून, उचलून फिरवलं नव्हतं.

मामी रंगाचा डबा हलवत बघत होती. "झालं शिकून? दे आता माझी गाडी."

२७ नोव्हेंबर, गुरुवार. रोहा

पट्टी मध्यावर तशीच हलली. कळवूनही दुरुस्ती झालेली नाही. माझे गुडघे वाकले, हात बाजूला गेले. कोंबडीसारखी दिसले असणार. थांबले. हलायचं तेवढं हलून झाल्यावर पुढे गेले.

पास मिळाला. डॉक्टरांनी विचारलं, "या वेळी काय वेगळं केलंत?" काही नाही म्हटलं. सांगितलं असतं तर गणपतीच्या पोटापासून सुरुवात करावी लागली असती.

बाहेर नितेश उभा होता. सहज आलो म्हणाला. मेडिकल सेंटरच्या बाजूला सहज येण्यासारखं काही नाही. पाना परत दिला.

"झालं वैयक्तिक काम?"

"झालं."

"काय होतं?"

"स्केटबोर्ड."

तो हसेल असं वाटलं होतं. "त्याचा मधला नट जास्त टाईट करायचा नसतो," म्हणाला. "माझ्या भाचीकडं हाय."

सप्टेंबरात सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. अर्थात सप्टेंबरात त्याने विचारलं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार. रोहा

शटडाऊनचा पहिला दिवस. सुरुवात जुलैमधल्याच टाकीपासून. आतली पातळी मोजणारा लेव्हल ट्रान्समीटर खोलून तपासायचा होता.

शिडी लावली. नितेश सवयीने म्हणाला, "मॅडम, मी रीडिंग बघायला जातो," आणि वळलाही.

"थांब," मी म्हटलं. "धर."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शिडीकडे. दोन्ही हातांनी धरली. मी पाय ठेवला तशी ती हलली. त्याच्या हातांनी हलली की माझ्या पायाने, हे सांगता येणार नाही. हलली तेवढी हलू दिली. वर चढले.

माथ्यावर बेल्ट अडकवला, झाकण उघडलं, काम सुरू केलं. वारं होतं. खालून आवाज आला.

"मॅडम, आता सोडू का?"

"मी उतरेपर्यंत नको."

काम लांबलं, त्याची जेवणाची सुट्टी गेली. उतरले तेव्हाही तो धरूनच होता. मानेवर ऊन आलं होतं.

ट्रान्समीटरमध्ये दोष निघाला नाही.